टीव्ही गेमचं चित्र बिघडलंय? उघडायच्या आधी पडद्याकडे नीट बघा

नव्वदच्या दशकात आपल्याकडे ज्या टीव्ही गेम मिळायच्या, मीडिया म्हणा, लिटल मास्टर म्हणा, नाहीतर नंतर आलेली ती सेगा कंपनीच्या मेगाड्राइव्ह गेमसारखी दिसणारी टर्मिनेटर टू, त्या सगळ्या आतून जवळपास सारख्याच. निन्टेन्डोने १९८३ साली जपानमध्ये फॅमिकॉम काढला त्याच्या या नकला, कॅसेट तशीच ६० पिनांची, चित्र बनवायची पद्धतही तीच, फक्त आपल्या पॅल टीव्हीवर (पॅल म्हणजे आपल्याकडची रंगीत चित्राची पद्धत) चालावं म्हणून आतली चिप आणि तिला ठेका देणारा क्रिस्टल वेगळा. त्यामुळे एका मशीनचं दुखणं कळलं की बाकीच्यांचंही बऱ्यापैकी कळतं. दिवाळीत माळा आवरताना हे मशीन सापडतं, लोक हौसेने लावून बघतात, पडद्यावर मुंग्या नाहीतर नुसता करडा रंग दिसतो, आणि मग मशीन मेलं म्हणून भंगारवाल्याकडे. मला हे फार लागतं, कारण अशी बरीच मशीन मेलेली नसतात, अडाप्टर, वायर, ट्युनिंग नाहीतर कॅसेटच्या पिना एवढ्यातच काहीतरी अडलेलं असतं.

माझं म्हणणं एवढंच की आधी स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका. पडद्यावर नेमकं काय चुकतंय ते बघा, मुंग्या आहेत का, एकच रंग आहे का, पट्टी फिरतेय का, रंग गेलाय का, की आकृत्यांचा चुराडा झालाय. यातल्या प्रत्येकाचं कारण वेगळ्या जागी असतं, आणि ती जागा चित्र स्वतःच सांगतं.

गडबड टीव्हीची आहे की गेमची

हे दोन मिनिटांचं काम आहे आणि नेमकं हेच कोणी करत नाही. सेट टॉप बॉक्स किंवा जुना डीव्हीडी प्लेयर असेल तर तो त्याच एव्ही पोर्टला त्याच वायरने लावा. त्याचंही चित्र खराब आलं तर गेम निर्दोष आहे, टीव्ही किंवा वायर बघायची. नीट आलं तर मग गेमकडे वळा. जमलं तर गेम शेजारच्यांच्या टीव्हीवरही लावून बघा, आणि शक्यतो जुन्या डब्याच्या टीव्हीवर, कारण एलसीडीची स्वतःची वेगळी नाटकं आहेत, त्याचं पुढे सांगतो.

डब्याच्या टीव्हीवर कोपऱ्यात हिरवे जांभळे डाग दिसत असतील आणि ते केबलवरचं चॅनल लावल्यावरही तिथेच राहत असतील तर त्याचा गेमशी काही संबंध नाही, शेजारी ठेवलेल्या स्पीकरच्या मॅग्नेटमुळे तसं होतं. स्पीकर लांब करा, टीव्ही पूर्ण बंद करून थोड्या वेळाने परत लावा, बहुतेक टीव्ही चालू होताना ते डाग स्वतःच घालवतात. आणि टीव्हीचं मागचं झाकण मात्र उघडायचं नाही, पिक्चर ट्यूबवर २० हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहू शकतो. टीव्ही मेकॅनिकलाच द्या.

अडाप्टर, सगळ्यात आधी

मूळ अडाप्टर हरवलेला असतो म्हणून घरात पडलेला कुठलाही अडाप्टर खुपसला जातो आणि इथेच चांगली मशीन जळतात. या जुन्या गेमना बहुतेक करून ९ व्होल्ट डीसी लागतो आणि आतली पिन मायनस, बाहेरचा भाग प्लस, म्हणजे आजकालच्या बहुतेक अडाप्टरच्या बरोबर उलटा. पण "बहुतेक" वर जाऊ नका, मशीनच्या मागे किंवा बुडाला स्टिकरवर गोलाची खूण असते, त्यात मधला ठिपका प्लसला जोडलाय की मायनसला ते बघा. खूण पुसली असेल तर मशीन उघडून जॅकची कुठली टोकं सर्किटच्या ग्राउंडला जातात ते मल्टीमीटरने तपासा आणि मगच लावा. बाजारात ३ पासून १२ व्होल्टपर्यंत खटका असलेला युनिव्हर्सल अडाप्टर मिळतो, त्यावर प्लस मायनस उलटवायची सोयही असते, तो या कामाला चांगला, पण तो ९ वरच ठेवा. १२ वर ठेवला तर आतला ७८०५ रेग्युलेटर, म्हणजे आलेले व्होल्ट ५ वर आणणारी तीन पायांची चिप, जास्तीचे सगळे व्होल्ट उष्णतेत घालवत बसतो आणि तापून तापून मरतो.

तीन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. अलीकडच्या स्वस्त गेममध्ये हा रेग्युलेटर नसतोच, त्या थेट ५ व्होल्टवर चालतात, त्यांना ९ दिले की चिप गेली, परत येत नाही. दुसरं, कोणी अमेरिकेहून खरा एनईएस, म्हणजे फॅमिकॉमचाच तिकडचा अवतार, आणला असेल तर त्याचा अडाप्टर ९ व्होल्ट एसी देतो, तो आपल्या गेमला किंवा फॅमिकॉमला चुकूनही लावायचा नाही. आणि तिसरं, जपानहून मागवलेल्या फॅमिकॉमचा अडाप्टर १०० व्होल्टच्या लाइनसाठी असतो, आपल्या २३० च्या प्लगमध्ये घातला तर धूर निघेल. फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी आणि ८५० मिलिअँपिअर लागतो, मधली पिन मायनस, तसा इथलाच अडाप्टर शोधा.

मल्टीमीटर असेल तर अडाप्टर नुसता मोजून उपयोग नाही. जुना ट्रान्सफॉर्मरवाला ९ व्होल्टचा अडाप्टर रिकामा मोजला तर १३ - १४ दाखवतो, घाबरू नका, लोड आला की तो खाली येतो. खरी परीक्षा मशीन लावल्यावर, तेव्हा तो ७ च्या खाली जात असेल तर रेग्युलेटरला ५ व्होल्ट नीट देता येत नाहीत, आणि मग चित्र वाकडं होतं, रंग थरथरतात, गेम मध्येच अडकते. एवढं सगळं एका दमलेल्या अडाप्टरमुळे होऊ शकतं.

नुसत्या मुंग्या

पडद्यावर मुंग्या आणि खरखर म्हणजे टीव्हीला गेमचा सिग्नल सापडलेलाच नाही, याचा अर्थ गेम बिघडली असा होत नाही. अँटेनाच्या वायरीने जोडलेली गेम म्हणजे एक बारीकसं टीव्ही स्टेशनच असतं, ती कुठल्यातरी एका चॅनलवर चित्र पाठवते आणि टीव्ही त्या चॅनलवर आणून ठेवायचा असतो. लहानपणी ते ट्युनिंग घरातल्या कोणीतरी एकदा करून एखाद्या नंबरावर ठेवलेलं असायचं, म्हणून आपल्याला ते कधी करावंच लागलं नाही.

आता करायचं असं. गेम चालू करा, कॅसेट घातलेली असू द्या, टीव्हीच्या मेन्यूत ब्लू स्क्रीन नावाची सोय असेल तर ती बंद करा, कारण सिग्नल कच्चा असला की टीव्ही तो निळ्या पडद्याखाली दाबून टाकतो आणि आपण बरोबर जागेवरून पुढे निघून जातो. मग मॅन्युअल सर्च लावा, ऑटो नको, ऑटोसुद्धा असा कच्चा सिग्नल वगळून जातं. आधी व्हीएचएफ लो, मग हाय, नाहीच मिळालं तर यूएचएफ. मुंग्या एकदम कमी होऊन पडदा काळा किंवा एका रंगाचा झाला की थांबा, तेच ठिकाण, आता फाइन ट्युनिंगने पुढे मागे करा. खात्री करायची असेल तर गेम बंद करून बघा, लगेच मुंग्या परत आल्या तर तो सिग्नल गेमचाच होता.

चित्र चांगलं पण आवाजाच्या जागी फक्त खस्स येत असेल तर टीव्हीचं साउंड सिस्टिम सेटिंग बदला. आपल्याकडे बी जी चालतं, पण चीन किंवा रशियासाठी बनलेल्या मशीनना डी के लागतं. जपानी फॅमिकॉमचं मात्र वेगळंच आहे, तो जपानच्या चॅनल १ आणि २ वर पाठवतो, ते ९० ते १०२ मेगाहर्ट्झमध्ये येतात, म्हणजे आपल्याकडच्या एफएम रेडिओच्या पट्ट्यात, त्यात परत तो एनटीएससी, म्हणजे जपान अमेरिकेतल्या टीव्ही पद्धतीचा, त्यामुळे त्याला इथे अँटेनाच्या वायरीने लावायच्या भानगडीत पडू नका.

गेमच्या मागे पिवळं आणि पांढरं असे दोन जॅक असतील तर हे सगळं ट्युनिंग सोडाच, सरळ एव्हीने लावा. चित्र कितीतरी स्वच्छ येतं. पिवळा चित्राचा, पांढरा आवाजाचा, आवाज एकच असतो, स्टिरिओ नसतो. पिवळ्या प्लगची बाहेरची पाकळी सैल झाली असेल तर चित्र येतं जातं, पक्कडीने अगदी हलकेच दाबून घट्ट करा.

नवीन टीव्हीवर नो सिग्नल

यात गेमचा दोष क्वचितच. अनेक नव्या टीव्हींना जुना अॅनालॉग ट्युनरच धड नसतो, त्यामुळे अँटेनाची वायर विसरा. एव्ही पोर्टही आता वेगळा दिसतो. काही टीव्हींमध्ये हिरवा जॅक कंपोनंट आणि एव्ही दोन्हीसाठी एकच असतो, तिथे आपली पिवळी वायर हिरव्यात घालायची आणि सोर्समध्ये एव्ही निवडायचं, कंपोनंट निवडलं तर चित्र काळं पांढरं किंवा विचित्र येतं. काहींना हेडफोनसारखं एक बारीक भोक असतं आणि त्यासाठी तीन रंगांची वायर लागते, आणि इथे मोठा घोळ आहे, या वायरींची आतली जोडणी कंपनीगणिक वेगळी असते. कॅमकॉर्डरची वायर टीव्हीला आत बसते छान, पण चित्र येत नाही किंवा आवाजाच्या वायरीतून घुर्रर्र ऐकू येतं. असं झालं तर वायर टाकून देऊ नका, गेमचा चित्राचा जॅक त्या वायरीच्या लाल टोकाला लावून बघा, मग पांढऱ्याला. त्यातल्या एकाला लागलं तर सुटलं, नाहीच लागलं तर ग्राउंडच वेगळ्या कडीवर आहे, टीव्हीसोबतची मूळ वायर आणा.

एवढं करूनही नो सिग्नलच येत असेल तर त्याचं कारण असं की ही गेम साधं टीव्ही स्टेशन पाठवतं तसं दोन अर्धी चित्रं गुंफून पाठवत नाही, प्रत्येक वेळी त्याच त्याच ओळी काढते, जुन्या ट्यूबला काही फरक पडत नाही पण काही एलसीडी गोंधळतात. टीव्ही आधी चालू करून एव्हीवर आणा आणि मग गेम चालू करा, कधीकधी तेवढ्यानेच पकडतं. नाहीतर एव्हीचं एचडीएमआय करणारी छोटी पांढरी डबी मिळते, तिला यूएसबीने ५ व्होल्ट द्यावे लागतात, ते न देता लोक डबी खराब आहे म्हणून परत करतात. ही स्वस्त डबी काम भागवते पण बटण दाबल्यावर मारिओ उडायला किंचित उशीर होतो, ज्याला काँट्रा मनापासून खेळायचीय त्याला ते जाणवतंच. पैसे असतील तर रेट्रोटिंकसारखे खास जुन्या गेमसाठी बनवलेले कन्व्हर्टर घ्या, ते हा सिग्नल बरोबर ओळखतात. टीव्हीत गेम मोड चालू करा, शार्पनेस खाली आणा आणि चित्र चार बाय तीनवर ठेवा, ताणलेला जाडा मारिओ बघवत नाही.

रंग गेला, किंवा चित्र वर खाली धावतंय

चित्र स्थिर आहे पण काळं पांढरं, तर आधी टीव्हीचं कलर सिस्टिम ऑटोवरून काढून पॅलवर टाका, नाही झालं तर एनटीएससीवर. अँटेनाच्या वायरीने लावलं असेल तर फाइन ट्युनिंग करा, सिग्नल कच्चा असला की टीव्ही रंग आपणहून बंद करतो. चित्र सतत वर सरकत असेल तर मशीन ६० हर्ट्झचं एनटीएससी असण्याची शक्यता आहे आणि टीव्ही जुना, फक्त ५० हर्ट्झ पॅल समजणारा. मागे व्हर्टिकल होल्डची घुंडी असेल तर चित्र थांबवता येईल, पण रंग काही येणार नाही, त्याला दोन्ही पद्धती समजणारा टीव्ही लागेल.

आणि मशीन पॅलचंच आहे, टीव्हीही ठीक, तरी रंग नाही किंवा येतो जातो, तर मग मशीनच्या आत क्रिस्टलकडे बघावं लागेल. पॅल मशीनचा क्रिस्टल २६.६०१७ मेगाहर्ट्झचा असतो, त्याला ६ ने भागलं की ४.४३३६ येतं आणि पॅलमधला रंग नेमका त्याच आकड्यावर स्वार होऊन येतो. वर्षानुवर्षांत तो थोडा जरी सरकला तरी टीव्हीला रंग पकडता येत नाही, चित्र मात्र शाबूत राहतं. क्रिस्टलच्या शेजारी बऱ्याच मशीनमध्ये छोट्या स्क्रूसारखा ट्रिमर असतो. त्याची आत्ताची जागा पेनने खूण करून ठेवा, आणि प्लास्टिकच्या स्क्रू ड्रायव्हरने, धातूच्या नाही, केसभर इकडे तिकडे फिरवा. धातूचा टेकवला की त्याच्यामुळेच आकडा सरकतो आणि उचलला की परत रंग जातो. गेम चालू ठेवूनच हे करायचं, रंग पक्का बसला की थांबायचं.

पडद्यावरून सरकणारी पट्टी

रुंद, सावलीसारखी पट्टी हळूहळू वर किंवा खाली सरकतेय आणि आवाजात गुणगुण आहे, तर लाइनीचे ५० हर्ट्झ चित्रात घुसलेत. पट्ट्या मोजा. एकदम दोन दिसत असतील तर अडाप्टर किंवा मशीनमधला मोठा कपॅसिटर सुकलाय, कारण चार डायोडच्या अडाप्टरमधून येणारा खरखरीतपणा १०० हर्ट्झचा असतो आणि चित्र सेकंदाला ५० वेळा बनतं, म्हणजे एका चित्रात दोन पट्ट्या. एकच दिसत असेल तर अडाप्टरमधला एखादा डायोड गेलाय किंवा केबलच्या, डिशच्या वायरीतून अर्थिंगचा घोळ होतोय. टीव्हीला लागलेली डिशची वायर काढा आणि बघा, पट्टी गेली तर सुटलात. नाहीतर सरळ चांगला ९ व्होल्टचा एसएमपीएस (आजकालचा हलका, जड ट्रान्सफॉर्मर नसलेला) अडाप्टर लावून बघा, पिनेची दिशा तपासून अर्थातच. त्याने पट्टी गेली तर जुना अडाप्टर निवृत्त करा, मशीन उघडायची गरजच नाही.

एकच रंग, किंवा आकृत्यांचा चुराडा

आता कॅसेटकडे येऊ, आणि हा भाग जरा सावकाश वाचा, सगळ्यात जास्त मशीन इथेच अडतात.

पडदा पूर्ण करडा, काळा किंवा कुठल्यातरी एका रंगाचा, मुंग्या नाहीत. हे खरं तर चांगलं लक्षण आहे. म्हणजे करंट आहे, चित्र बनवणारी चिप जिवंत आहे, टीव्हीपर्यंत सिग्नल पोचतोय, फक्त कॅसेटमधला प्रोग्राम वाचला जात नाहीये. आणि चित्र येतंय, संगीत वाजतंय, बटण दाबल्यावर काहीतरी हलतंय पण सगळ्या आकृत्या म्हणजे अक्षरांचा आणि चौकोनांचा कचरा, तर प्रोग्राम नीट वाचला जातोय पण चित्रांचा भाग वाचला जात नाहीये.

हे असं वेगवेगळं का होतं तर कॅसेटमध्ये दोन वेगळ्या मेमरी असतात, एक गेमच्या प्रोग्रामची, ती प्रोसेसर वाचतो, आणि एक चित्रांची, ती चित्राची चिप स्वतः वाचते. कॅसेटच्या त्या ६० पिनांत, एका बाजूला ३० आणि मागे ३०, साधारण अर्धी कड प्रोग्रामची आणि दुसरी अर्धी चित्रांची आहे. म्हणून कॅसेट तिरकी बसली, एक टोक केसभर वर राहिलं, की गेम चालते पण चित्राचा चुराडा होतो, किंवा उलट. आधी कॅसेट काढून दोन्ही टोकं सारखी दाबून बसवा. मशीन बंद करून, हे विसरू नका, चालू मशीनमधून कॅसेट ओढायची सवय सगळ्यांनाच होती पण त्याने कॅसेट आणि चिप दोन्ही जाऊ शकतात.

बारीक बघितलं तर चुराडाही बोलतो. या गेमचं सगळं चित्र ८ बाय ८ ठिपक्यांच्या छोट्या फरश्यांनी बनतं, पडद्यावर आडव्या अशा ३२ फरश्या. पूर्ण पडद्यावर सारख्या अंतरावर उभ्या बारीक रेघा दिसत असतील, प्रत्येक फरशीत एकाच जागी एक रेघ, तर चित्रांच्या ८ डेटा पिनांपैकी फक्त एकच टेकत नाहीये. आकृत्या ओळखू येतात पण रंग अर्धेच, सगळं दोनच रंगांत, तर बहुधा एक अॅड्रेस पिन (मेमरीतली कुठली जागा वाचायची ते सांगणारी) गेलीय, कारण प्रत्येक फरशी दोन थरांत साठवलेली असते आणि चिप एकच थर दोनदा वाचतेय. मारिओच्या जागी अंक आणि अक्षरं नाचतायत तर वरची एखादी अॅड्रेस पिन. म्हणजे एवढा भयानक दिसणारा पडदा प्रत्यक्षात एका मळलेल्या पिनेचं काम असतो.

मग दुसरी कॅसेट घालून बघा. बिघाड बदलला किंवा गेला तर पहिली कॅसेट मळलीय. तोच बिघाड तस्साच राहिला तर मशीनचा स्लॉट.

कॅसेट साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, जितकं शुद्ध तितकं चांगलं, केमिस्टकडे किंवा मोबाइल रिपेअरच्या सामानाच्या दुकानात मिळतं, पुण्यात तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला कोणीही देईल. कान साफ करायच्या कापसाच्या काडीला लावून पिनांवर वरून खाली घासा, काडी काळी निघेल, नवी घ्या, काळी निघायची थांबेपर्यंत. हिरवट किंवा घट्ट डाग असेल तर पांढरं मऊ खोडरबर पिनेच्या लांबीच्या दिशेने हलकेच फिरवा आणि चुरा ब्रशने झटका. पॉलिश पेपर नको. पिनेवर जो पातळ मुलामा असतो तो त्याने जातो, आज कॅसेट चालेल आणि पावसाळ्यात खालचं तांबं काळं पडून कायमची बसेल.

आणि फुंकर मारू नका. आपण सगळ्यांनी मारलीय आणि ती चालायची असंही वाटायचं, पण चालायचं ते कॅसेट काढून परत घातल्यामुळे, पिना घासल्या जायच्या म्हणून. फुंकरीतला ओलावा पिनांवर बसतो आणि त्याने गंज चढतो, कोकणात नाहीतर मुंबईत तर हवाच एवढी दमट की वेगळी फुंकर कशाला हवी.

स्लॉट साफ करायला जुन्या एटीएम कार्डाला पातळ सुती कापड गुंडाळायचं, अल्कोहोलने ओलसर करायचं, ओलं चिंब नाही, आणि स्लॉटमध्ये सरळ खाली वर करायचं. कापड जाड झालं तर जोर करू नका, आतल्या पत्र्या फाकतात आणि मग कुठलीच कॅसेट घट्ट धरत नाहीत. सीआरसी २-२६ सारखा कॉन्टॅक्ट क्लीनर मारला तरी चालतो. पूर्ण सुकल्यावरच मशीन चालू करा.

एक वेगळा प्रकार, चित्र नीट असतं पण पळायला लागलं की मागचा देखावा मध्येच फाटतो किंवा चुकीचा भाग परत परत येतो. तिथेही बहुतेक वेळा पिनच असते, पडद्याची दोन पानं कशी लावायची ते सांगणारी. पण पळणारी माणसं स्वच्छ आणि फक्त मागचा देखावा कचरा, आणि सगळ्या कॅसेटना तसंच, तर मशीनमधली २ किलोबाइटची चित्राची रॅम गेलेली असू शकते. जुन्या मोठ्या बोर्डावर ती वेगळी चिप असते, बदलता येते.

अमेरिकन एनईएसवाल्यांना पडदा सेकंदाला एकदा उघडझाप करताना दिसत असेल तर तो त्यातल्या कुलूपवाल्या चिपचा प्रकार आहे, कॅसेट नीट टेकत नाही म्हणून ती मशीनला सारखं रीसेट करते. फॅमिकॉमला आणि आपल्या गेमना ते कुलूपच नाही, त्यामुळे आपल्याकडे अशी उघडझाप दिसली तर अडाप्टर आणि त्याचा जॅक बघा.

आता उघडा

एवढं सगळं करून झालं आणि तरी नाही, तर आता मशीन उघडायला हरकत नाही. अडाप्टर काढून, खालचे स्क्रू, आणि झाकण हळू उचला, रिमोटच्या वायरी बोर्डाला लावलेल्या असतात, ओढून तुटतात. सगळ्यात आधी अडाप्टरच्या जॅकचे टाके बघा. वायर हलवल्यावर चित्र जात असेल तर इथेच, टाक्याभोवती बारीक गोल तडा दिसतो, भिंगाने बघा. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने, जरा फ्लक्स लावून, जुना टाका परत वितळवला की झालं. चालू बंदच्या खटक्याचे आणि कॅसेट स्लॉटच्या पिनांचेही टाके त्याच नजरेने तपासा.

मग ७८०५. नंबर आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावा पाय आत येणारा करंट, मधला ग्राउंड, उजवा ५ व्होल्ट. उजव्यावर ४.८ ते ५.२ मिळायला हवेत. डावीकडे ९ येतायत आणि उजवीकडे ३ नाहीतर शून्य, तर रेग्युलेटर बदला, स्वस्तातली वस्तू आहे. नवीन घालूनही तो लगेच भाजायला लागला तर पुढे कुठेतरी शॉर्ट आहे. शेजारचा मोठा कपॅसिटर फुगलाय किंवा बुडाशी ओघळ आलाय का बघा, बदलताना तेवढ्याच मायक्रोफॅरडचा पण २५ व्होल्टचा घाला, पट्टा असलेला पाय मायनस.

चित्र अँटेनाच्या वायरीवर खराब पण एव्हीवर चांगलं, तर ती बंद पत्र्याची डबी, म्हणजे चित्र चॅनलवर चढवणारा मॉड्युलेटर, दमलीय. तिला दुरुस्त करत बसू नका, एव्ही वापरा. मशीनला एव्ही जॅकच नसेल तर त्या डबीत जाणाऱ्या वायरींमध्ये एक ५ व्होल्टची, एक आवाजाची आणि एक चित्राची असते, चित्राची वायर एका ट्रान्झिस्टरच्या बफरमधून, म्हणजे सिग्नलला टीव्हीपर्यंत पोचायला जोर देणाऱ्या छोट्या सर्किटमधून, बाहेर काढता येते. थेट जोडली तरी कधीकधी दिसतं पण अंधुक किंवा भगभगीत, बफर लावाच. कुठलाही जाणता टीव्ही मेकॅनिक हे करून देईल.

बोर्डावर चिपच्या जागी काळ्या डांबराचा गोल थेंब असेल आणि ५ व्होल्ट बरोबर, क्रिस्टल बरोबर, टाके बरोबर, कॅसेट स्वच्छ, तरी चित्र नाही, तर तो थेंबच गेलाय, त्याला इलाज नाही. तरी फेकू नका. स्लॉट, रिमोट, खटके, बाहेरचा डबा हे सगळं दुसऱ्या मशीनला लागतं, पुण्याच्या जुन्या बाजारात एखादं तसलंच मशीन सापडलं तर दोघांचं मिळून एक चांगलं उभं राहतं.

आणि फिक्या उभ्या सावल्या, निळ्या आकाशात जास्त जाणवणाऱ्या, त्या बऱ्याच फॅमिकॉमनाही असतात, चित्राची वायर डेटाच्या वायरींना खेटून गेल्यामुळे येतात. तो बिघाड समजून काही बदलत बसू नका. तसंच एलसीडीवर बंदुकीने बदक मरत नसेल तर बंदूकही ठीकच आहे. ट्रिगर दाबल्याच्या क्षणी पडदा काळा होऊन बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो आणि बंदुकीचा डोळा त्याच क्षणी तो शोधतो, एलसीडीवर तो चौकोन उशिरा पोचतो. बदकं मारायची असतील तर घरातला डब्याचा टीव्ही अजून काढू नका.